घडी मोडलेल्या मालाची साक्ष

पैठण दरवाजातून आत शिरून टिळक पथाने सरळ चालत आले, की गुलमंडीचा चौक लागतो. नावाचा अर्थ फुलांचा बाजार असा असला, तरी माझ्या पिढीने हा चौक ओळखला तो कापडासाठी. मराठवाड्यातल्या गावोगावची कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला येथे येत, गाद्यांवर बैठक मारून लुगड्या-शालूंचे ढीग उलगडून घेत, आणि आहेर-मानपानाची यादी ऐनवेळी वाढणार हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे दोनचार नग जास्तीचे बांधून नेत. लग्न उरकल्यावर उरलेले नग परत आणून देण्याची मुभा ओळखीच्या गिऱ्हाइकाला असे. सकाळची भवानी होण्यापूर्वी कोणी परतीचा माल घेऊन आले, तर दुकानदाराच्या कपाळाला आठी पडे आणि 'जरा वेळाने या' असे तो सांगे. परंतु परत घ्यायला तो नाही म्हणत नसे. लुगडे हाती येताच त्याची पहिली नजर जाई ती घडीकडे. कारखान्यातून निघताना पडलेली ती मूळची घडी शाबूत असेल तर बोलणेच संपले; आणि ती मोडून पुन्हा कितीही कुशलतेने घातलेली असली, तरी त्याची बोटे कापडाच्या त्या रेषेवरून एकदा फिरली की त्याला सर्व काही कळे. नवे वस्त्र प्रथम नेसण्याला आपल्या भाषेत 'घडी मोडणे' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग घराघरांत मायेने उच्चारला जात असला, तरी बाजारात तो एक पुरावा होता.

या व्यवहाराच्या अधिक व्यवस्थित रूपाला आपल्याकडे 'जांगड' असे नाव आहे. माल जांगड नेणे म्हणजे पसंतीच्या अटीवर नेणे: ठरलेल्या मुदतीत पसंत पडला तर किंमत द्यायची, नाही तर माल जसाच्या तसा आणून पोचवायचा. सराफ्यात दागिना जांगड जाई, कापडपेठेत शालू जांगड जाई, मुंबईच्या हिरेबाजारात आजही हिऱ्यांच्या पुड्या जांगड चिठ्ठीवर एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जातात, आणि १९३०च्या माल विक्री कायद्याच्या २४व्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाचा जो विचार केला आहे, तो आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने शिकवावा लागला नाही. जांगडीचा गैरफायदा घेणारेही पूर्वीपासून होतेच. शालू जांगड न्यावा, पाहुण्यांच्या लग्नात तो मिरवावा, आणि तिसऱ्या दिवशी 'घरच्यांना रंग आवडला नाही' असे सांगून परत करावा, ही लबाडी कापडवाल्यांना इतकी परिचित होती की तिचे त्यांना नवल वाटत नसे. घडीची रेषा आणि पदराला लागलेला अत्तराचा वास त्यांना पुरेसा असे.

नव्या मालाचे हे असे निभावून जाते. परंतु ज्या मालाची घडी पूर्वीच मोडलेली आहे, जो दुसऱ्याच्या घरात नांदून, झिजून, पोचे खाऊन बाजारात आला आहे, त्याच्या परतीचा निवाडा कोणत्या खुणेवर करायचा? हा प्रश्न आज भ्रमणध्वनीवरून जुना माल विकणाऱ्या प्रत्येकाला पडतो. वस्तू प्रामाणिकपणे वर्णन करून विकावी, ग्राहकाने ती आठ दिवस वापरावी, आणि मग 'ही सदोष निघाली' म्हणून तीऐवजी भलतीच वस्तू, किंवा तीच वस्तू आतला चांगला भाग काढून घेऊन, परत धाडावी, अशा तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. लोक याला ऑनलाइन व्यापाराचा नवा रोग समजतात. मला मात्र या प्रश्नाचा माग काढताना असे आढळले की हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही आपल्या देशात फार काळजीपूर्वक शोधले गेले होते.

मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या वादांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक आहे. अनुशय म्हणजे पस्तावा. विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला पस्तावा झाला, त्याला व्यवहार मोडता येईल काय, आणि येत असेल तर किती दिवसांत, हा त्या पदाचा विषय. घेणाऱ्याच्या पस्ताव्याबरोबर विकणाऱ्याच्या पस्ताव्याचाही तेथे विचार झाला आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आजच्या नियमांत परतीचा हक्क जवळजवळ सर्वस्वी घेणाऱ्याच्याच पदरी पडला आहे. मनूने दोघांनाही दहा दिवस दिले. याज्ञवल्क्याने वस्तूच्या स्वभावानुसार मुदती वेगळ्या केल्या: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. ज्याचा दोष जितक्या उशिरा प्रकट होतो, तितकी त्याची मुदत मोठी. लोखंड हातात घेताच कळते, गाय दोनतीन धारा काढल्यावर कळते, बी मात्र मातीत पडून अंकुर फुटेपर्यंत काहीच सांगत नाही. कौटिल्याने मुदती मालावरून न ठरवता विकणाऱ्याच्या धंद्यावरून ठरवल्या आणि व्यापाऱ्याला एकच रात्र दिली, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. व्यापाऱ्याची नजर तयार असते, त्याला विचाराला अधिक वेळ कशाला, असा त्यामागचा हेतू दिसतो.

परंतु जुन्या मालाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निर्णय नारदस्मृतीत आहे. नारदाने प्रथम असे सांगितले की घेतलेली वस्तू वाईट वाटली, तर त्याच दिवशी ती अविक्षत, म्हणजे धक्का न लागलेल्या स्थितीत, परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. एवढे सांगून तो पुढे वापरलेल्या वस्त्राकडे वळतो. नेसून विटलेले, मळलेले वस्त्र त्याच अवस्थेत विकले गेले असेल, तर त्यात दोष असला तरी ते विकणाऱ्याकडे परत येऊ शकत नाही. दीड हजार वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जुना असलेला हा नियम वाचताना गुलमंडीतला कापडवाला मला डोळ्यांसमोर दिसतो. घडी मोडलेल्या मालाचा दोष उघड असतो, तो पाहूनच किंमत उतरलेली असते, आणि ज्या दोषापायी किंमत कमी दिली त्याच दोषापायी पुन्हा पैसे मागणे हे एका गोष्टीचा मोबदला दोनदा घेण्यासारखे आहे, हे नारदाने नेमके ओळखले होते.

कौटिल्याने जुन्या मालाची आणखी एक बाजू पाहिली. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थाध्यक्षाने जुन्या मालाची विक्री किंवा गहाणवट, तो माल विकणाऱ्याचाच आहे अशी शुद्धी झाल्यावरच होऊ द्यावी, अशी त्याची आज्ञा आहे. तिचा पहिला हेतू चोरीचा माल खपू नये हा. तथापि तिचा एक परिणाम असा की जुनी वस्तू हस्तांतरित होताना एका तटस्थ अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जाई, आणि पुढे वाद उद्भवलाच तर 'ती वस्तू अशी होती' हे सांगणारा एक तिसरा मनुष्य उपलब्ध असे.

आता आपल्या शहराकडे येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसवली, पुढे तिला फतेहनगर म्हणू लागले, आणि औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा, १६५३ मध्ये, ती औरंगाबाद झाली. आज तिचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. सुभ्याचे ठाणे, मग खुद्द बादशहाचा दीर्घ मुक्काम, मग १७६३ पर्यंत निजामाची राजधानी, अशी दीडशे वर्षे या पेठांतून देशोदेशीचा माल फिरला, आणि त्या काळात येथल्या बाजारावर जो कायदा चाले त्यात दोषी मालाच्या परतीचा विचार अतिशय सूक्ष्मपणे केलेला होता. औरंगजेबाच्या आज्ञेने शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली जो 'फतावा-ए-आलमगिरी' सिद्ध झाला, त्याला आधारभूत असलेल्या हनफी संप्रदायात ग्राहकाला तीन प्रकारचे 'खियार', म्हणजे निवडीचे हक्क, मानलेले आहेत: अटीचा खियार, ज्याची मुदत इमाम अबू हनीफा यांच्या मते तीन दिवस, न पाहिलेली वस्तू पाहिल्यानंतरचा खियार, आणि दोषाचा खियार, ज्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात.

या तिसऱ्या खियाराच्या पोटनियमांत लबाड परतीवरचा जवळजवळ संपूर्ण उपाय आहे. दोष विक्रीपूर्वीचा असला पाहिजे. ग्राहकाच्या ताब्यात आल्यावर वस्तूत नवा दोष उत्पन्न झाला, तर त्याला वस्तू परत करता येत नाही. जुन्या दोषापुरती किंमत तेवढी कमी करून मागता येते. दोष कळल्यानंतर त्याने वस्तू वापरली, वस्त्र नेसले, जनावरावर स्वारी केली, तर ती त्याची रजामंदी समजावी. मात्र ते जनावर परत पोचवण्यासाठी, पाण्यावर नेण्यासाठी किंवा त्याच्यासाठी वैरण आणण्यासाठी तो त्यावर बसला असेल, तर तेवढी स्वारी रजामंदी ठरत नाही. शेवटचा हा अपवाद ज्याने लिहिला, त्याने असंख्य घोडे-बैलांच्या फिर्यादी ऐकल्या असल्या पाहिजेत. आणि विकणाऱ्याला 'सर्व दोषांसह विकले' असे आरंभीच स्पष्ट सांगून मोकळे होण्याची वाटही त्या शास्त्राने ठेवली होती.

नियम सूक्ष्म असले तरी त्यांना पुरावा लागतो, आणि तो पुरावा माणसांचा होता. 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाच्या कर्तव्यांमध्ये असे आहे की त्याने प्रत्येक धंद्यातून एक मुखत्यार आणि एक दलाल नेमावा आणि खरेदी-विक्री त्यांच्या माहितीने चालू द्यावी. आज 'दलाल' हा शब्द आपण तुच्छतेने उच्चारतो. परंतु जुन्या पेठेत दलाल हा वस्तूचा चेहरा लक्षात ठेवणारा माणूस होता. मराठी मुलखातल्या पेठांत हेच काम शेटे-महाजनांकडे होते. त्यांची वतने, त्यांचे मानपान, त्यांच्यातले तंटे यांविषयी आपले इतिहासकार पुष्कळ लिहितात. बाजारातल्या देवघेवीला ते साक्षी राहत, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

वस्तू तीच आहे हे ओळखण्याचा प्रश्न राज्यकर्त्यांनाही छळत होता, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण घोड्यांचे. सरदारांना घोड्यागणिक तैनात मिळे. गणतीच्या दिवशी ते उसनी तट्टे आणून उभी करीत, किंवा सरकारी खर्चाचा चांगला घोडा विकून त्याच्या जागी मरतुकडा बांधीत. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेल्या अलाउद्दीन खलजीने पुढे सुलतान झाल्यावर घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत पाडली. घोड्यांच्या दलालांवर त्याने बसवलेल्या जरबेचे वर्णन इतिहासकार बरनीने केले आहे. अकबराने डाग आणि चेहरा यांची पद्धत पुन्हा कडक केली. आपण मराठीत माणसाच्या रूपाला 'चेहरेपट्टी' म्हणतो तो शब्द या दफ्तरातलाच: शिपायाचा वर्ण, बांधा, खुणा टिपलेली ती पट्टी. अदलाबदल करून परत करणाऱ्या लबाड ग्राहकात आणि घोडा बदलून गणतीला आणणाऱ्या सरदारात मला काहीच अंतर दिसत नाही, आणि त्यावर योजलेला उपायही आज तोच लागतो: देण्यापूर्वी वस्तूची चेहरेपट्टी लिहून ठेवणे.

आठवडी बाजारात हीच चेहरेपट्टी तोंडी चाले. छावणीच्या गुरांच्या बाजारात बैलाची खरेदी म्हणजे जुन्याच मालाची खरेदी. नवा बैल असा कोणी नसतोच. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचे दात दाखवी, खांदा दाखवी, चालवून दाखवी. सौदा रुमालाखाली बोटांनी ठरे. इसार दिला जाई. आणि खोडी आधी सांगितल्या जात. मारका आहे, बसका आहे, लाथ झाडतो, पाण्याला बुजतो, ही सांगण्याची खोड आणि न सांगण्याची खोड यांतला भेद सर्वांना ठाऊक असे. सांगितलेल्या खोडीसाठी बैल परत येत नसे. लपवलेल्या खोडीसाठी, औताला धरल्यावर ती दिसून आली की, चार माणसांसमक्ष परत येई. सौद्याच्या वेळी जे चार जण उभे होते तेच परतीच्या वेळी बोलावले जात, आणि 'हा तो बैल नव्हे' असे म्हणण्याची किंवा 'ही खोड तू लावलीस' असे म्हणण्याची हिंमत सहसा कोणाला होत नसे, कारण पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर उभे राहायचे असे. जाफर दरवाजाच्या रविवारच्या बाजारात जुनी अवजारे आणि भांडी घेताना आजही हा नियम पुष्कळ अंशी चालतो: उचलून पाहा, वाजवून पाहा, येथेच काय ते बोला.

इंग्रजी न्यायाने या बाबतीत वेगळी वाट धरली होती. लंडनच्या एका सोनाराने एक खडा जहरमोहरा, म्हणजे विषावरचा उतारा, म्हणून शंभर पौंडांना विकला. तो खोटा निघाला. आणि १६०३ मध्ये न्यायालयाने असे ठरवले की तो जहरमोहरा आहे असे नुसते म्हणणे ही हमी नव्हे, सबब ग्राहकाला दाद नाही. जहरमोहऱ्याची ख्याती तेव्हा युरोपात मोठी होती आणि तो जेथून जाई त्यांत आमची दख्खन होती. फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने गोवळकोंड्याच्या राज्यातल्या जहरमोहऱ्यांचे वर्णन केले आहे. ग्राहकाने स्वतःच सावध राहावे या तत्त्वाला इंग्रजांनी पुढे पुष्कळ मुरड घातली. १९३०च्या कायद्यातही सोळाव्या कलमाने ते तत्त्व मान्य करून त्याला अपवाद जोडले, पंधराव्याने वर्णनानुसार माल असला पाहिजे असे बजावले, आणि एकेचाळिसाव्याने माल तपासण्याची वाजवी संधी ग्राहकाला दिली. गुलमंडीत हा कायदा हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, १९५१ मध्ये, लागू झाला. दुकानांत 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी जी पाटी आपण वर्षानुवर्षे वाचली, ती नारदाची नव्हे, खियाराची नव्हे आणि जांगडीची तर नव्हेच. तिने प्रामाणिक ग्राहकाचा घात केला, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९८६च्या आणि नंतर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती प्रवृत्ती मोडून काढली. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे ही आता अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे न्याय्यच झाले.

दूरच्या ग्राहकाची अडचण आणि दूरच्या ग्राहकाची लबाडी, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे प्रथम आणल्या त्या टपालाने. १८७७ मध्ये टपाल खात्याने 'व्ही. पी.'ची पद्धत सुरू केली: पार्सल पोस्टमनने न्यावे, ग्राहकाने किंमत द्यावी, आणि ती विकणाऱ्याकडे पोचावी. मराठी ग्रंथव्यवसाय आणि नियतकालिके या व्ही. पी.वर जगली, आणि व्ही. पी. मागवून ऐनवेळी नाकारणाऱ्यांमुळे, दोन्ही वेळचा टपालखर्च सोसून, हैराणही झाली. 'कृपया व्ही. पी. परत करू नये' ही विनवणी जुन्या मासिकांच्या वाचकांना आठवत असेल. परंतु पार्सल फोडण्यापूर्वीच नाकारले जाई, म्हणून परत आलेले पुस्तक निदान तेच असे. त्याची घडी शाबूत असे.

ऑनलाइन बाजाराचा आरंभ, विशेष असा की, एका मोडक्या वस्तूपासून झाला. १९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिड्यार याने पुढे ईबे म्हणून प्रसिद्ध झालेले स्थळ सुरू केले, तेव्हा पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर दर्शक होता, १४.८३ डॉलरला. तो बिघडलेला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ना, असे त्याने घेणाऱ्याला विचारले, आणि आपण बिघडलेलेच जमवतो असे उत्तर मिळाले. दोष सांगून विक्री, आणि दोष समजून खरेदी: नारदालाही याहून निर्दोष व्यवहार सांगता आला नसता. आपल्या देशात २०००मध्ये मुंबईत बाझी डॉट कॉम निघाले, २००४मध्ये ते ईबेने घेतले, आणि त्यावर 'पैसापे' नावाची सोय होती, जिच्यात ग्राहकाचे पैसे माल पोचेपर्यंत मध्यस्थाकडे राहत. २०१८मध्ये ते भारतीय स्थळ बंद झाले. प्रारंभी त्या बाजारात घेणारा विकणाऱ्याविषयी आणि विकणारा घेणाऱ्याविषयी चारचौघांत मत नोंदवू शके, आणि या दुहेरी साक्षीवर अनोळखी माणसांचा विश्वास उभा होता. २००८मध्ये ईबेने विकणाऱ्यांना ग्राहकाविषयी प्रतिकूल मत नोंदवण्यास मनाई केली. विकणारे सूड म्हणून खोटी मते नोंदवीत, असे त्याचे कारण सांगितले गेले, आणि त्यात तथ्यही होते; परंतु त्या दिवसापासून दोन साक्षीदारांपैकी एकाचे तोंड बांधले गेले, आणि लबाड ग्राहकाला आपला पूर्वेतिहास लपवणे सोपे झाले, असे माझे मत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो स्वानुभवाने. काही वर्षांपूर्वी माझा जुना कॅमेरा मी एका ऑनलाइन बाजारातून विकला. दौलताबादच्या पायऱ्यांवर तो एकदा हातून निसटला होता, आणि भिंगाच्या पुढच्या कड्याला नखाएवढा टवका गेला होता. ते मी वर्णनात लिहिले होते. आठव्या दिवशी भिंगाला आतून बुरशी असल्याची तक्रार आली, छायाचित्रे आली, आणि पाठोपाठ कॅमेरा परत आला. अंगावरचा क्रमांक माझ्याच कॅमेऱ्याचा होता. भिंग त्याच जातीचे, त्याच मापाचे, खरोखरच बुरशी धरलेले. परंतु त्याच्या कड्याला टवका नव्हता. टवका नसलेले भिंग माझे नव्हे, हे मी त्या बाजाराच्या व्यवस्थापकांना परोपरीने लिहिले. कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे छायाचित्र मी घेतले होते; भिंगाच्या क्रमांकाचे घेतले नव्हते, टवक्याचे तर नव्हतेच. ग्राहकाची छायाचित्रे स्पष्ट होती, माझे नुसते शब्द होते. पैसे त्याला परत गेले. पैशाची रक्कम मोठी नव्हती, पण ज्या भिंगातून मी माझ्या आईची शेवटची छायाचित्रे घेतली ते कोठे गेले, हे मला कधीच कळणार नाही.

या निर्णयात कोणी माझ्याशी वैर धरले असे मी म्हणत नाही. निर्णय देणाऱ्याने वस्तू पाहिलेली नव्हती, आम्हा दोघांना पाहिलेले नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात आम्हा कोणाशीच त्याची गाठ पडणार नव्हती. परतीची मुदत त्याच्या नियमात होती; 'अविक्षत' हा शब्दही बहुधा कोठेतरी असेल; नवा दोष कोणाच्या ताब्यात उत्पन्न झाला हा प्रश्न विचारण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते. जुन्या न्यायाने ग्राहकावर जी दया केली ती आपण ठेवली, किंबहुना वाढवली. तिच्या बरोबरीने उभा असलेला कोतवालाचा दलाल, महाजन आणि गुरांच्या बाजारातले ते चार जण आपण वगळले. घडी मोडलेला माल विकणाऱ्याची आजची असहायता येथून आली आहे.

कायद्याची स्थितीही विकणाऱ्याने समजून घ्यावी. २०२०चे ई-वाणिज्य नियम विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास बांधतात, आणि वर्णन हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो: जो दोष वर्णनात लिहिला, त्याच्यासाठी वर्णनाशी जुळत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. घरातली एखादी वस्तू विकणारा गृहस्थ व्यापारी नसतो; त्याच्या व्यवहाराला मुख्यतः १९३०चाच कायदा लागतो, आणि तेथे वर्णनाला आणखी मोल आहे. बदललेली वस्तू परत पाठवून पैसे उकळणे ही फसवणूक आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली तिची फिर्याद होऊ शकते. १९८६च्या कायद्यात, १९९३च्या दुरुस्तीपासून, खोडसाळ तक्रार करणाऱ्या ग्राहकाला दहा हजार रुपयांपर्यंत भुर्दंड बसवण्याची तरतूद होती. परत करताना वस्तू बदलणाऱ्याच्या बाबतीत अशी जरब ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांनी स्वतःच्या नियमांत घालावी, आणि परतीचा निवाडा देण्यापूर्वी विकणाऱ्याची कैफियत व पाठवतेवेळचा पुरावा ऐकून घेणे स्वतःवर बंधनकारक करावे, अशी माझी त्यांच्याकडे मागणी आहे.

तोपर्यंत साक्षीदार आपणच उभा केला पाहिजे. खोड आधी सांगावी, आणि लेखी सांगावी. वस्तूची चेहरेपट्टी लिहावी: भ्रमणध्वनीचा पंधरा अंकी क्रमांक, यंत्राच्या प्रत्येक सुट्या होणाऱ्या भागाचा क्रमांक, प्रत्येक ओरखडा आणि टवका, त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र. बांधणी करतानाचे चित्रण अखंड असावे, म्हणजे वस्तू दिसल्यापासून पुडक्यावर पत्ता चिकटेपर्यंत कोठेही खंड पडू नये. स्क्रूवर आणि झाकणाच्या सांध्यावर सहीची कागदी पट्टी चिकटवावी, जी उघडल्यावाचून वस्तू उघडणार नाही. ती आपण नव्याने घातलेली घडी समजावी. परत आलेले पुडकेही चित्रण करीतच फोडावे, आणि फोडण्यापूर्वी तोलावे, कारण भाग काढून घेतलेली वस्तू बहुधा हलकी भरते.

ताडून पाहायला पाठवतेवेळचे वजन लागते; ते नोंदवण्यासाठी घरी काटा असलाच पाहिजे असे नाही. गुलमंडीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, जुना बाजारातल्या मुख्य टपाल कचेरीत, खिडकीवरचा कारकून आपले पार्सल काट्यावर ठेवतो आणि त्याचे वजन, ग्रॅमपर्यंत, तारखेसह पावतीवर छापून देतो.